गाडी येते, पण शिकली कुठे?

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही तरुणाला विचारा, "गाडी येते का रे?" तो म्हणेल, "येते की!" मग विचारा, "शिकलास कुठे?" इथे बहुतेक जण हसतात. कुणी मामाच्या गाडीवर शिकला. कुणी मित्राच्या मागे बसून बघून बघून शिकला. कुणी दुपारी सुनसान रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला थेट बाजारात गेला. क्लच सोडल्यावर गाडी बंद न पडता पुढे गेली, की आपण म्हणतो, "आली गाडी." ती अचानक थांबवायची कशी, कुत्रे आडवे आले तर काय करायचे, खडीवर चाक घसरले तर हातांनी काय करायचे, हे कुणीच सांगितलेले नसते. ते रस्ता शिकवतो, आणि रस्त्याची फी फार मोठी असते.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातात दगावली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण त्या वर्षी गेले, आणि त्यांत मागे बसलेले १४ हजारांहून जास्त होते. मलेरियाला आपण घाबरतो, डेंग्यूच्या साथीत पिंपे रिकामी करतो. दारात उभी असलेली गाडी मात्र आपल्याला आजाराचे कारण वाटत नाही. कमावता मुलगा सहा महिने अंथरुणावर पडला, तर घराचे काय होते हे आपल्याला सांगायला नको. गाडीचे हप्ते चालूच असतात, औषधाचे त्यात वाढतात.

म्हणून या वेळी एका अशा माणसाची ओळख करून देत आहोत, ज्याने अर्धे आयुष्य मोटारसायकलवर काढले, जो अनेकदा पडला, मरणाच्या दारातून परत आला, आणि ज्याने तरुणांना गाडी शिकवण्यासाठी मातीची शाळा काढली.

कोलारची मातीची शाळा

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या बंदिस्त मार्गावरची मोटारसायकल शर्यत. त्यात चढ, उतार, उड्या, चिखल, तीव्र वळणे सगळे असते. या खेळाचे मूळ इंग्लंडमध्ये, १९२४ च्या सुमाराचे. 'मोटोक्रॉस' हे नाव मात्र फ्रेंच वळणाचे आहे. हाच खेळ स्टेडियमच्या आत माती टाकून, उड्या बांधून खेळला की त्याला सुपरक्रॉस म्हणतात. आपल्याकडे पुणे, नाशिक इथे अशा शर्यती झालेल्या आहेत. २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, ती काहींनी पाहिलीही असेल.

बंगळुरूचे सी. एस. संतोष याच खेळातून पुढे आले. राष्ट्रीय पातळीवर मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसची अनेक विजेतेपदे त्यांनी मिळवली. पुढे ते लांब पल्ल्याच्या रॅलीकडे वळले. जगातली सर्वांत खडतर समजली जाणारी डकार रॅली २०१५ साली दक्षिण अमेरिकेत झाली. अर्जेंटिना, चिली आणि बोलिव्हिया या तीन देशांतून, वाळवंट आणि डोंगर ओलांडत, सुमारे नऊ हजार किलोमीटरचा तो प्रवास होता. संतोष यांनी तो पूर्ण केला आणि छत्तिसावा क्रमांक मिळवला. ही रॅली पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले.

असा माणूस एवढे मिळवून शहरात नुसता मिरवू शकला असता. संतोष यांनी कर्नाटकातल्या कोलारकडे 'बिग रॉक' नावाचे मातीचे मैदान उभे केले. तिथे तरुण मुले-मुली मातीवर गाडी चालवायला शिकतात. काहींना शर्यतीत उतरायचे असते. बाकीचे रोज रस्त्यावर गाडी चालवणारे साधे लोक असतात.

मातीवरच का शिकवतात? कारण मातीवर चाक घसरते. डांबरावर चाक घसरण्याचा प्रसंग वर्षातून एखाद्या वेळी येतो आणि तेव्हा विचार करायला वेळ नसतो. मातीवर तोच प्रसंग तासाभरात पन्नास वेळा येतो, कमी वेगात, आजूबाजूला ट्रक नसताना. घसरणे म्हणजे काय हे शरीराला कळते. मग तो प्रसंग रस्त्यावर आला, की माणूस घाबरून गाडीवर आखडत नाही.

पहिला धडा: नजर

मोटोक्रॉसच्या शाळांत हे नवख्याला सगळ्यांत आधी सांगतात. नजर जिथे जाते, तिथे गाडी जाते. खड्ड्याकडे टक लावून पाहिले, तर चाक नेमके खड्ड्यात जाते. हा अनुभव सगळ्यांना आहे, पण कारण ठाऊक नसते. आपले हात आणि खांदे नकळत नजरेच्या मागे जातात. म्हणून खड्डा एकदा पाहून घ्यायचा आणि लगेच नजर त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर न्यायची. वळणावर पुढच्या चाकासमोरची जमीन पाहायची नाही. वळण जिथे संपते तिथे पाहायचे.

दुसरा धडा: शरीर

मोटोक्रॉसचा स्वार बराच वेळ फूटरेस्टवर उभा असतो. गुडघे थोडे वाकलेले, मांड्यांनी टाकी धरलेली, कोपरे सैल, हँडलवरची पकड हलकी. उडीनंतर गाडी जमिनीवर आदळते, तो धक्का गुडघे आणि घोटे पितात. तोच स्वार सीटवर दाबून बसलेला असेल, तर सगळा धक्का सरळ पाठीच्या मणक्यात जातो.

आता आपल्या रस्त्यांकडे पाहा. पार्सल पोहोचवणारी आपली मुले रोज दहा-दहा तास गाडीवर असतात. प्रत्येक गतिरोधक, प्रत्येक खड्डा कंबरेत जातो. पंचविशीतच "कंबर धरली" म्हणून मुले दवाखान्यात येतात. मोटोक्रॉसचा हा धडा त्यांच्यासाठी आहे. खड्डा किंवा गतिरोधक दिसला, की आधी वेग कमी करा. मग दोन्ही पायांवर जोर देऊन सीटवरून दोन-चार बोटे वर उठा. पूर्ण उभे राहायची गरज नाही. स्कूटरवर टाकी नसते, तिथे दोन्ही पाय सपाट ठेवून तेवढाच भार पायांवर घ्या.

हँडल घट्ट आवळू नका. शर्यतीतल्या स्वारांचे हात घट्ट पकडीमुळे कोपरापासून मनगटापर्यंत दगडासारखे होतात, बोटे ब्रेक दाबेनाशी होतात. दिवसभर गाडी चालवणाऱ्याच्या मनगटालाही मुंग्या येतात, रात्री झोपेत हात बधिर होतात, ते याच सवयीतून. मांड्यांनी गाडी धरली की हात मोकळे राहतात. पाठीवरची जड बॅगही शरीराला मागे खेचते. शक्य असेल तर ती मागच्या सीटवर पक्की बांधा. दोन तासांनी एकदा गाडीवरून उतरा, कंबर ताणा, पाणी प्या.

तिसरा धडा: ब्रेक

आपल्याकडे एक समज पक्का आहे. "पुढचा ब्रेक मारू नको, गाडी उलटते." त्यामुळे अनेक जण आयुष्यभर फक्त पायाचा ब्रेक वापरतात. खरी गोष्ट अशी आहे की ब्रेक लावला की गाडीचे वजन पुढे झुकते. पुढचे चाक जमिनीला घट्ट धरते आणि मागचे हलके होते. म्हणून गाडी थांबवण्याचे जास्त काम पुढचा ब्रेक करतो. नुसता मागचा ब्रेक दाबला, तर हलके झालेले मागचे चाक लॉक होऊन घसरते आणि गाडी आडवी जाते.

मग पुढच्या ब्रेकने लोक पडतात कसे? तो ते झटक्यात आवळतात किंवा वळणात, वाळूवर, ओल्या रस्त्यावर आवळतात. ब्रेक लिंबू पिळतो तसा दाबावा. आधी हलका, मग वाढवत जायचा. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र वापरायचे. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. वाळू, खडी, पावसाचे पाणी दिसले तर पुढचा ब्रेक अगदी हलक्या हाताने. आता १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस असते. ते चाक लॉक होऊ देत नाही. पण एबीएस असले तरी थांबायला जागा लागतेच.

ती जागा किती लागते, याचा हिशेब घरातल्या मुलांना करायला सांगा. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून बोट ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. हेच ताशी ४० ला ११ मीटर होते. त्यानंतरचे ब्रेकचे अंतर तर वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दीडपट झाला, की ब्रेकचे अंतर सव्वादोनपट होते. दुप्पट झाला तर चौपट. गल्लीतून पोर चेंडूमागे धावत आले, तर हे गणित कुणासाठीही बदलत नाही.

गुरुजीही पडतात

इथवर वाचून कुणी म्हणेल, एकदा शिकलो की झाले. संतोष यांचेच आयुष्य याचे उत्तर देते.

२०१३ साली अबुधाबीच्या वाळवंटातल्या शर्यतीत त्यांच्या मोटारसायकलने पेट घेतला आणि त्यांची मान भाजली. त्यातून ते सावरले आणि दोन वर्षांनी डकार पूर्ण केली. पुढे २०१७ आणि २०१८ सालीही त्यांनी ती पूर्ण केली. मग आली २०२१ ची डकार, सौदी अरेबियातली. ६ जानेवारीला, चौथ्या टप्प्यात, खडीच्या पट्ट्यात ते पडले. डोक्याला मार लागला, उजवा खांदा निखळला. हेलिकॉप्टरने त्यांना रियाधच्या रुग्णालयात नेले. मेंदूला विश्रांती मिळावी म्हणून डॉक्टरांनी औषधे देऊन त्यांना बेशुद्ध अवस्थेत ठेवले. देशभरातले स्वार त्या दिवसांत बातमीकडे डोळे लावून होते. काही दिवसांनी ते शुद्धीवर आले आणि महिनाअखेरपर्यंत मायदेशी परतले.

या माणसाजवळ कौशल्याची कमी नव्हती. अंगावर उत्तम हेल्मेट होते. त्या वर्षीपासून डकारमध्ये मोटारसायकलस्वारांना एअरबॅगचे जॅकेटही सक्तीचे झाले होते. मदतीला हेलिकॉप्टर होते. इतके सगळे असल्यामुळे ते वाचले. आपला मुलगा रात्री अकरा वाजता शेवटचे पार्सल देऊन परत येतो, तेव्हा त्याच्याजवळ यातले काय असते? एक हेल्मेट. तेही पुष्कळदा आरशाला अडकवलेले.

अमेरिकेतल्या गॅरी बेली यांची गोष्टही अशीच. ते स्वतः नावाजलेले मोटोक्रॉस स्वार. १९७० च्या दशकापासून त्यांनी ठिकठिकाणी शिकवण्याचे वर्ग घेतले. लोक त्यांना मोटोक्रॉसचे 'प्रोफेसर' म्हणू लागले. त्यांचा मुलगा डेव्हिड बेली त्यांच्या हाताखाली तयार झाला आणि १९८३ साली अमेरिकेचा सुपरक्रॉस विजेता झाला. त्याच्यासारखा नेटका स्वार दुसरा नाही, असे म्हटले जायचे. १९८७ च्या जानेवारीत, कॅलिफोर्नियात, सराव करताना एका उडीत तो पडला. पाठीच्या कण्याला इजा झाली आणि पाय कायमचे गेले. तेव्हा तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. डेव्हिडने पुढे चाकाच्या खुर्चीतून नवे आयुष्य उभे केले. २००० साली हवाईच्या आयर्नमॅन स्पर्धेत, पोहणे, हाताने चालवायची सायकल आणि शर्यतीची चाकखुर्ची असा सगळा पल्ला पार करून त्याने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला.

ही उदाहरणे घाबरवण्यासाठी दिलेली नाहीत. कौशल्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही, एवढेच त्यांतून घ्यायचे. गाडी चांगली यायला लागली की हिंमत वाढते. ती हिंमत वेगात खर्च केली, तर शिकल्याचा सगळा फायदा गेला. शर्यतीचे मैदान बंदिस्त असते, सगळे एकाच दिशेने जातात, रुग्णवाहिका दाराशी उभी असते. आपल्या रस्त्यावर यातले काहीच नसते. म्हणून मैदानावरून कौशल्य घरी आणायचे, वेग तिथेच सोडून यायचे.

हेल्मेट: कोणते आणि कसे

अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. पण हे खऱ्या हेल्मेटबद्दल आहे. रस्त्याच्या कडेला मिळणारी पातळ टोपी पोलिसापासून वाचवते, डांबरापासून नाही.

आयएसआय खूण पाहूनच हेल्मेट घ्या. जून २०२१ पासून ही खूण नसलेले हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे. डोक्यात घालून मान जोरात हलवा. हेल्मेट डोक्यासोबत हलले पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. हनुवटीचा पट्टा लावलाच पाहिजे, आणि पट्ट्याखाली दोन बोटे जेमतेम जातील इतका तो घट्ट हवा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना आधीच उडून जाते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नका. आतला थर्मोकोलसारखा थर दबला की त्याचे काम संपले, बाहेरून ते कितीही चांगले दिसो.

मागे बसणाऱ्याचे डोकेही तितकेच नाजूक असते. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी त्याच्या मापाचे हेल्मेट आणि चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा लागतो, आणि वेग ताशी ४० च्या आत ठेवावा लागतो. लेकराला टाकीवर बसवून फिरवणे बंद करा. अचानक ब्रेक लागला, की ते हँडलवर आपटते आणि मागून आपलेच वजन त्याच्यावर येते.

आया-बहिणींनो, मागे बसण्याआधी पदर, ओढणी कमरेला खोचून घ्या. चाकात अडकलेली ओढणी गळा आवळते. साडी गार्ड काढून टाकलेला असेल तर तो परत बसवून घ्या.

अपघात झालाच तर

पहिल्या काही मिनिटांत जवळचे लोक काय करतात, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पुढच्या गोष्टी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

१. आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा. मग १०८ किंवा ११२ ला फोन करा. जागेची खूण स्पष्ट सांगा.

२. जखमीला हात-पाय धरून उचलू नका, रिक्षात कोंबू नका. मानेच्या किंवा पाठीच्या मणक्याला इजा असेल तर अशा उचलण्यानेच पाय कायमचे जाऊ शकतात. आग किंवा वाहतुकीचा तातडीचा धोका असेल तरच हलवा. तेव्हाही डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी मिळून.

३. हेल्मेट ओढून काढू नका. जखमी नीट श्वास घेत असेल तर काच वर करा आणि हेल्मेट राहू द्या. श्वास अडत असेल तरच काढा. एकाने मान आणि हनुवटी स्थिर धरायची, दुसऱ्याने पट्टा सोडून हळू काढायचे.

४. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. उलटी होत असेल तर मान न वळवता पूर्ण शरीर एकत्र कुशीवर करा.

५. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. हळद, चहा पावडर, माती काही लावू नका.

६. सायलेन्सरने भाजले तर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. टूथपेस्ट, शाई, तूप नको.

डोक्याच्या मारात एक फसवा प्रकार असतो. मुलगा पडतो, उठतो, "काही झाले नाही" म्हणतो, चहा पितो, घरी येऊन झोपतो. काही तासांनी तो उठतच नाही. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत गेलेले असते. म्हणून डोक्याला मार लागलेल्याला किमान एक-दोन दिवस एकटे सोडू नका. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, जास्त झोप किंवा गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, एका बाजूच्या हातापायात कमजोरी, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा द्रव अथवा रक्त येणे, यांपैकी एक जरी दिसले तरी तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्या. दारू प्यायलेला होता म्हणून झोपला असेल, असे गृहीत धरू नका. मनाने वेदनाशामक गोळ्या देऊ नका.

मदत करायला लोक पोलिसांच्या भीतीने मागे हटतात. कायदा आता मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. पैशांचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. मे २०२५ पासून केंद्राची योजना लागू आहे. तिच्यात रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. रुग्णालयात गेल्यावर या योजनेबद्दल स्वतःहून विचारा.

आपल्या मैदानावर काय करता येईल

कोलारला जाणे आपल्यातल्या बहुतेकांना परवडणारे नाही. पण तिथे जे शिकवतात, त्यातला पाया आपल्या मैदानावर गिरवता येतो. रविवारी सकाळी तासभर मोकळी जागा, एक-दोन जाणती माणसे आणि खुणेला जुन्या चपला किंवा मातीने भरलेल्या पाण्याच्या बाटल्या, एवढे पुरे. वीस वर्षे ट्रक किंवा रिक्षा चालवून एकही मोठा अपघात न केलेला एखादा काका प्रत्येक वस्तीत असतो. त्यांना गुरुजी करा. हेल्मेट, बूट आणि पूर्ण पँट घातल्याशिवाय कुणी गाडीवर बसायचे नाही, आणि लहान मुले रेषेबाहेर.

पहिला सराव हळू गाडीचा. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्लो सायकलची स्पर्धा असते तशीच. पंधरा मीटर अंतर पाय न टेकता जो सगळ्यांत उशिरा पार करेल तो पहिला. यातून क्लच, मागचा ब्रेक आणि तोल हातात येतो.

दुसरा सराव थांबण्याचा. एक रेषा आखा. ताशी वीसने या, रेषेवर दोन्ही ब्रेक लिंबासारखे पिळा, किती पावलांत थांबलात ते मोजा. मग तीसने या आणि पुन्हा मोजा. आकडे पाहिल्यावर भाषण द्यावे लागत नाही.

तिसरा सराव इंग्रजी आठच्या आकड्याचा. नजर पुढच्या चपलेवर, चाकावर नाही. चौथा सराव जमिनीवर जाड दोर टाकून त्यावरून सीटवरून उठून जाण्याचा.

या सरावात मुलींनाही घ्या. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ साली बाहा शर्यतींच्या विश्वचषकात महिलांचे विजेतेपद मिळवले. मोटरस्पोर्टमध्ये जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आपल्या कितीतरी मुली स्कूटरवर कॉलेजला, कामाला जातात. त्यांनाही नीट शिकण्याचा तितकाच हक्क आहे.

अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय गिअरची गाडी मुलाच्या हातात देऊ नका. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर गाडीमालकाला किंवा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण दंडाआधी पोराचा विचार करा. दहावी पास झाल्याचे बक्षीस म्हणून गाडी द्यायची असेल, तर थोडे थांबा. तोवर चांगले हेल्मेट घेऊन ठेवा.

गाडीचीही तब्येत पाहायची असते. दर आठवड्याला दोन्ही टायरमधली हवा, चेनचा ताण, दोन्ही ब्रेक, मागचा लाल दिवा. गुळगुळीत टायर पावसाळ्याआधी बदला. ज्या दिवशी झोप झालेली नाही त्या दिवशी एक फेरी कमी करा. पेंगलेला डोळा आणि प्यायलेला डोळा रस्त्यावर सारखेच धोक्याचे.

संतोष यांच्यासारखा माणूस इतके पडूनही शिकवतो, कारण पडण्याची किंमत त्याने स्वतः मोजलेली आहे. शिकणाऱ्याने ती पुन्हा मोजायची गरज नाही. येत्या रविवारी मैदानावर पाच मुले जरी जमली, तरी सुरुवात करा. आणि आज रात्री मुलगा घराबाहेर पडताना त्याला एकच वाक्य सांगा, "पट्टा लाव."